फिल्मचा डबा, सरस आणि आईंचा नियम



चातुर्मास लागायच्या आधी मी दर वर्षी घरातली सगळी कपाटं रिकामी करते. डाळी, पापड, पोथ्या, गाद्या, सगळ्याला ऊन दाखवायचं. बुरशी आल्यावर पुसत बसायचं म्हणजे जीवांची हिंसा, म्हणून ती येऊच नये अशी काळजी आधी घ्यायची, हे मला सासूबाईंनी शिकवलं. यंदा देवघराखालच्या कप्प्यात, जुन्या वह्यांच्या मागे, एक गोल पत्र्याचा डबा सापडला. झाकण गंजलेलं होतं. उघडल्यावर आंबूस वास आला. मला वाटलं, लोणच्याचं काही सांडलं असेल. आत बोटाएवढ्या रुंदीचीही नाही अशी अरुंद फिल्म, एका रिळावर गुंडाळलेली.

आईंना (मी सासूबाईंना आईच म्हणते) डबा दाखवला. त्यांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ ठेवलाच नाही. म्हणाल्या, "भावोजींनी काढलेली. श्रवणबेळगोळची. यात अक्का आहे."

अक्का म्हणजे आईंची थोरली बहीण. १९८१ साली सगळं घर महामस्तकाभिषेकाला गेलं होतं. त्यानंतर दोन वर्षांनी अक्कांनी आर्यिका दीक्षा घेतली. घर सुटलं, नाव सुटलं, केशलोच झाला. सहा वर्षांपूर्वी त्यांची समाधी झाली. दीक्षेआधीची अक्का हलताबोलताना दिसेल अशी जगात ही एकच वस्तू होती, आणि तिला आंबूस वास येत होता. आई आता ८२ वर्षांच्या आहेत. एका डोळ्याने कमी दिसतं. मी ठरवलं, ही फिल्म त्यांना दाखवायचीच. त्या दोन महिन्यांत जे शिकले ते आज सांगते. शेवटी एक प्रश्नही आहे, तो तुमच्यासाठी.

आधी आमच्या गावाबद्दल दोन शब्द. आम्ही उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये राहतो. 'कॅम्प' हे नाव फौजेचं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती, तिचे पाच भाग. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधहून आलेल्या निर्वासितांना ठेवलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. आज कॅम्प ५ म्हटलं की लोकांना जीन्स शिवणारे कारखाने आठवतात. आमचे सासरे सांगलीकडून इथे आले ते शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये नोकरी लागली म्हणून. चुलतसासरे पुढे आखातात गेले आणि तिकडून सुपर ८ चा कॅमेरा घेऊन आले.

घरी सिनेमा काढायची सोय जगाला १९२३ साली मिळाली. कोडॅकने १६ मिलिमीटरची फिल्म काढली ती मुद्दाम न पेटणाऱ्या पट्टीवर. तोवरच्या सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची असे. ती बंदुकीच्या दारूच्या जातकुळीतली, एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. तशी वस्तू घराघरांत जाऊ नये म्हणून रुंदीसुद्धा १६ ठेवली. ३५ ची पट्टी मधोमध कापली तर साडेसतरा होते, ती या कॅमेऱ्यात बसणार नाही. १९३२ साली ८ मिलिमीटरची फिल्म आली आणि १९६५ साली सुपर ८. सुपर ८ मध्ये ५० फुटांची फिल्म बंद डबीत मिळे. कॅमेऱ्यात डबी सरकवायची की झालं. एका फुटात ७२ चित्रं, म्हणजे ५० फुटांत ३६००. सेकंदाला १८ चित्रं या वेगाने सगळा खेळ ३ मिनिटं २० सेकंदांचा. आवाज बहुतेक वेळा नाहीच. म्हणून जुनी माणसं अशा चार डब्या धुऊन आल्या की एकापुढे एक सांधून मोठ्या रिळावर चढवत. आमचं रीळ तसंच होतं. २०० फूट, तीन सांधे, १३ मिनिटं आणि २० सेकंद.

आता तो वास. आमच्या भागात एक सिंधी काका आहेत. वय सत्तरीच्या पुढे. पूर्वी गणपतीत आणि लग्नांत पडदा बांधून १६ मिलिमीटरचे खेळ लावायचे, आता मिक्सर आणि शिलाई मशीन दुरुस्त करतात. डबा उघडल्याबरोबर ते म्हणाले, "वहिनी, यात काही सांडलेलं नाही. फिल्मच आंबते आहे."

झालं असं की, नायट्रेटच्या जागी जी सुरक्षित पट्टी आली ती सेल्युलोज ॲसिटेटची. सेल्युलोज म्हणजे झाडांच्या लाकडात आणि कापसात असतं तेच. सासरे ज्या कारखान्यात आयुष्यभर राबले तिथे लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा निघतो, तोही सेल्युलोजचाच. दोघं एका घराण्यातले, हे कळल्यावर मला गंमत वाटली. फिल्मसाठी या सेल्युलोजला ॲसेटिक आम्लाची जोड दिलेली असते. उष्णता आणि दमट हवा मिळाली की हे आम्ल हळूहळू सुटं होतं. ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, म्हणून तो वास. वाईट गोष्ट ही की सुटलेलं आम्ल उरलेल्या फिल्मला आणखी वेगाने कुजवतं. बंद डब्यात वाफ कोंडली की काम जोरात होतं, आणि शेजारच्या चांगल्या रिळालाही लागण होते. ट्रायॲसिटेटची फिल्म १९४८ च्या सुमारास बाजारात आली, आणि ती अशी कुजते ही कोडॅककडे गेलेली पहिली तक्रार दहा वर्षांच्या आत भारत सरकारकडून गेली. आपली हवाच तशी! उल्हास नदीच्या काठचा आमचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना नवल वाटणार नाही.

काकांनी आधी प्रोजेक्टर लावूच दिला नाही. "आधी मोजायचं," म्हणाले. आंबलेली फिल्म आकसते. तिच्या कडेच्या भोकांत प्रोजेक्टरचा पंजा अडकतो आणि एकेक चित्र खाली ओढतो. भोकांमधलं अंतर कमी झालं तर तो पंजा भोकं फाडत सुटतो. त्यांनी नव्या कोऱ्या पट्टीवरची १०० भोकं मोजली, आमच्या फिल्मची १०० तिच्याशेजारी धरली. एका भोकाचा फरक पडला असता तर फिल्म एक टक्का आकसली असं झालं असतं, आणि मग ती चालवायची नाही. आमचा फरक अर्ध्या भोकाहून कमी निघाला. मी मनात णमोकार म्हटला.

मग दोन दिवस फिल्म हाताने एका रिळावरून दुसऱ्या रिळावर घेत, सुती हातमोजा घालून कडा बोटांत धरून, कुठे खरखरतं ते बघायचं. जुने तिन्ही सांधे हात लागताच सुटले. ते सिमेंटचे होते. सिमेंट म्हणजे घर बांधायचं नव्हे, फिल्म विरघळवणारं द्रावण. एका टोकावरचा चित्राचा थर खरवडून काढायचा, द्रावण लावायचं, दुसरं टोक त्यावर ठेवून दाबायचं. दोन्ही पट्ट्या थोड्या विरघळून एकजीव होतात. जमला तर असा सांधा वर्षानुवर्षं टिकतो, पण थर पुरता खरवडला नाही किंवा द्रावण शिळं असलं तर वाळून सुटतो. याने ॲसिटेटच सांधता येतं. पॉलिएस्टरच्या फिल्मला ते धरतच नाही. तिला चिकटपट्टीच लागते.

सांध्यांखेरीज एका जागी फिल्म आडवी फाटलेली होती आणि चार ठिकाणी भोकांच्या कडा तुटलेल्या. काका म्हणाले, सिमेंटने सांधलं तर एखादं चित्र थराखाली जाईल. चिकटपट्टीने एकही जात नाही, फक्त पट्टी जाईल तेवढा वेळ किंचित उडी दिसते. मी भिंग लावून पाहिलं. फाटलेल्या जागी लाल काठाच्या साडीतली एक बाई पाठमोरी उभी होती. चिकटपट्टीच लावायची ठरलं. या पट्टीला आधीच भोकं पाडलेली असतात. सांध्याच्या छोट्या साच्यात खुंट्या असतात, त्यांत फिल्मची दोन्ही टोकं बसवायची, वरून पट्टी त्याच खुंट्यांत अडकवून दाबायची, उलटवून दुसऱ्या बाजूने पुन्हा. शिवणकाम येणाऱ्या बाईला अवघड नाही. तिसरा सांधा माझा मीच केला.

भोकं मोजताना मला सरस्वतीबाई फाळके आठवल्या. १९१२ साली दादासाहेब लंडनहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा कच्च्या फिल्मला भोकं नसत, ती घरी पाडावी लागत, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाईंनी केलं. घरातली मुलंबाळं आणि कामाला आलेल्या माणसांचा स्वयंपाक सांभाळून. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याचं प्रत्येक चित्र पडद्यावर जागच्या जागी उभं राहिलं ते भोकं सरळ पडली म्हणून. भोक वाकडं पडलं असतं तर राजाचं सिंहासन हललं असतं!

टोकं जुळवताना कोणती बाजू वर हे कळावं लागतं. फिल्मची एक बाजू चकचकीत, दुसरी किंचित मंद. त्या मंद बाजूवर चित्र असतं. माझ्या डोळ्यांना फरक कळेना, तेव्हा काकांनी जुनी युक्ती सांगितली. फिल्मचं टोक ओठांना ओलसर लावायचं, जी बाजू चिकटते ती चित्राची. मी लावलं. चिकटली. कामाच्या नादात तीन-चार वेळा लावलं.

घरी येताना मनात आलं, चिकटली का?

आपली सवय तुम्हाला माहीत आहे. बिस्किटाचं पाकीट असो की औषधाची कॅप्सूल, मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय आपण वस्तू घरात घेत नाही. रात्री बसून शोधलं. चित्र धरून ठेवणारा तो थर जिलेटिनचा असतो. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने काचेवर जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार बसवायची रीत मांडली, तेव्हापासून फोटो आणि सिनेमाची सगळी फिल्म त्यावरच उभी आहे. जिलेटिन म्हणजे गुरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेला सरस. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जुने सुतार लाकूड जोडायला वापरत तोच, फक्त फार शुद्ध केलेला. कोडॅकने तर त्यासाठी स्वतःचा जिलेटिनचा कारखाना घेतला होता. १९२५ साली त्यांच्या शेपर्ड नावाच्या शास्त्रज्ञाला कळलं की काही जिलेटिनमुळे फिल्म जास्त संवेदनशील होते, कारण त्यात गंधकाचे अंश असतात, आणि ते येतात गुरांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या झाडपाल्यातून. म्हणजे गाईने काय चारा खाल्ला त्याची खूणसुद्धा फिल्ममध्ये उतरते. हे वाचून मी मोबाईल बंद केला आणि चूळ भरून आले. उपयोग काय त्याचा, पण भरली.

हे आईंना सांगायचं की नाही? त्यांना कातड्याला न शिवण्याचा नियम आहे, चाळीस वर्षांचा. पायात कापडी चपला, घड्याळाला धातूचा पट्टा. आणि तो डबा इतकी वर्षं देवघराखाली होता. सांगितलं तर त्या फिल्म बघणार नाहीत असं मला वाटत होतं. न सांगता दाखवावी, तर मी त्यांचा नियम त्यांच्या नकळत मोडला असं होईल. आमचे हे म्हणाले, "कशाला सांगतेस? चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट." मी चार दिवस गप्प राहिले. पाचव्या दिवशी सामायिक झाल्यावर त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं, ओठांचंही.

त्या काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "माझ्या छातीचा एक्स-रे काढला होता, त्यातही?"

"त्या वेळच्या फिल्ममध्ये, हो."

"आणि महाराजांचा फोटो?"

हा विचार मला आलाच नव्हता. आमच्या देवघराशेजारी आचार्य शांतिसागर महाराजांचा एक जुना फोटो आहे. १८ सप्टेंबर १९५५ ला कुंथलगिरीवर महाराजांची समाधी झाली, त्या काळातला, आजेसासूबाईंनी आणलेला. छापलेला नव्हे, फोटोच्या कागदावर काढलेला. त्या कागदावरही तोच थर. ज्यांनी अहिंसा महाव्रत देहाच्या शेवटच्या श्वासापर्यंत पाळलं त्यांची छबी आपण कशावर जपून ठेवली! मी मान हलवली.

आईंनी नऊ णमोकारांचा कायोत्सर्ग केला, सत्तावीस श्वासांचा. मीही केला. मग त्या म्हणाल्या, "तेव्हा माहीत नव्हतं. आता कळलं, तर आता नवीन घ्यायचं नाही. जे घरात आहे ते फेकून त्या जिवाचं काय भलं होणार आहे? पण देवघराजवळ नको." महाराजांचा फोटो त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर लावायला सांगितला. डब्यासाठी पुस्तकांच्या कपाटात जागा केली. आणि मला विचारलं, "तू लावलेल्या त्या चिकटपट्टीत तर नाही ना काही?" ते मी आधीच काकांकडून काढून घेतलं होतं. पट्टी पॉलिएस्टरची, गोंद कृत्रिम.

प्रोजेक्टर काकांचाच. त्याचा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता, तो त्यांनी नवा घातला आणि त्याचेच पैसे घेतले. त्यांनी एक ताकीद दिली. फिल्म मध्ये अडकली तर क्षणात बंद करायचं, नाहीतर दिव्याच्या उष्णतेने तेवढं चित्र वितळतं. भिंतीवर पांढरी चादर लावली. काकांनी हात बटणावरच ठेवला.

कोडाक्रोमचे रंग अंधारात फार टिकतात असं वाचलं होतं, ते खरं निघालं. २२ फेब्रुवारी १९८१. इ.स. ९८१ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या बाहुबलींच्या मूर्तीला हजार वर्षं झाली म्हणून तो सोहळा मोठा होता. इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी केली होती, आई नेहमी सांगतात. आमच्या फिल्ममध्ये हेलिकॉप्टर नाही. ५७ फुटी मूर्ती आहे, खांद्यांवरून ओघळणारं दूध, मग हळदीचा पिवळा, मग केशराचा रंग. डोंगराच्या पायऱ्या, गर्दी, कुणाच्या तरी डोक्यावरचं बोचकं. मग सांधा, एक उडी, आणि लाल काठाची साडी. अक्का वळल्या. कुणाला तरी हाताने बोलावत होत्या, हसत होत्या. पाठीवर लांब वेणी.

आई चादरीच्या अगदी जवळ जाऊन बसल्या होत्या. "वेणी मी घातली होती त्या दिवशी," म्हणाल्या. एवढंच.

सिंधी काका निघताना म्हणाले, "आमच्या वडिलांनी सिंधमधून एक फोटोसुद्धा आणला नाही. आजोबा कसे दिसत होते, मला माहीत नाही." मी काय बोलणार?

फाळक्यांच्या घरीही असेच तुकडे राहिले होते. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. तिथल्या पी. के. नायरांनी नाशिकला फाळक्यांच्या घरून फिल्मचे अवशेष मिळवले, आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'चे तुकडे लावून घेतले. त्यातला बाळकृष्ण म्हणजे दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी. पण २००३ साली पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी मूळ रिळं गेली. कितीतरी जुने बोलपट चांदी काढण्यासाठी गाळले गेले, कारण काळ्यापांढऱ्या फिल्मचं चित्र म्हणजे चांदीचे कण. एवढं पाहिल्यावर घरातलं एक रीळ उरलं हेही पुष्कळ वाटतं.

तुमच्या घरी असा डबा असेल तर एवढं करा. आधी वास घ्या. प्रोजेक्टरवर लगेच चढवू नका. गंजलेला डबा बदला, झाकण घट्ट लावू नका, वास येणारं रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. माळ्यावर आणि स्वयंपाकघराशेजारी ठेवू नका, घरातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या जागी ठेवा. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका, थर पाण्याने सुटतो. आणि एकदा चित्रं संगणकावर उतरवून घ्या. आम्ही घेतली. कुजणं थांबत नाही, फक्त लांबवता येतं.

आता प्रश्न. आईंचं मन स्वच्छ आहे, त्यांनी एका दिवसात निकाल लावला. माझं तितकं नाही. संगणकावरची प्रत हाती आली, आता ते रीळ ठेवायचं कशाला, असं कधी वाटतं. आणि कधी वाटतं, ज्या जिवाच्या हाडांवर अक्कांचं हसू इतकी वर्षं टिकलं, त्याला अडगळीसारखं टाकून देणं हेही बरं नाही. तुम्ही काय केलं असतं? आपल्या घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा.

यंदा दशलक्षण पर्वात, उत्तम क्षमेच्या दिवशी, मी क्षमा मागणाऱ्यांच्या यादीत एक नाव नसलेला जीव धरला आहे.

जय जिनेंद्र.